काचघरातल्या कोंबड्या

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपल्याकडचं शहाणपण. मिनेसोटात डिसेंबरमध्ये कोंबडं उघडं ठेवलं तरी पावणेआठपर्यंत उजाडत नाही. आमच्या लेकीनं तर कोंबड्यांना पारदर्शक घरच दिलंय. उन्हाळ्यात टोमॅटो-मिरच्यांसाठी उभारलेलं परसातलं ग्रीनहाऊस थंडीत ओस पडतं, म्हणून बर्फ पडू लागला की कोंबड्यांचा मुक्काम तिथे हलतो.

पारा उणे वीसच्या खाली गेल्यावर माझ्यातली मराठी आई जागी झाली. फटी बुजवा, झडपा लावा, एखादा हीटर ठेवा! आपण पुण्याच्या थंडीतही मुलांना कानटोपी घालणारी माणसं. पण कोंबडीच्या अंगातच एक्केचाळीस अंश सेल्सिअसची शेगडी असते. पिसं फुलवली की त्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. एक पाय पोटाशी घेऊन ती निवांत उभी राहते. तिचा खरा वैरी गारठा नव्हे, ओल. बंद जागेत श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडते, तुऱ्यावर बसते आणि तुरा गोठतो. वर अमोनियानं डोळे चुरचुरतात ते वेगळंच. म्हणून बाहेर हिमवादळ असलं तरी वरची झडप उघडीच ठेवायची. माया करावी, पण खिडकी उघडी ठेवून.

तिकडे क्यूबेकमध्ये ओकाच्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दुखण्याचं मूळच काढलं. त्यांनी शांतक्लेर नावाची जात तयार केली. तिचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गलोल इतके इवलेसे, की थंडीला चावायला फारसं काही सापडू नये.

ग्रीनहाऊसची ऊब तशी दिवसापुरतीच. रात्री आतला पारा जवळजवळ बाहेरइतकाच उतरतो, पाण्याचं भांडं गोठतं, आणि कोंबड्या कोपऱ्यातल्या लाकडी खुराड्यात दांडीवर एकमेकींना खेटून झोपतात. या घराचं देणं निराळं आहे: वारा नाही, पायाखाली बर्फ नाही आणि जमीन कोरडी. बर्फावर पाऊल टाकायला कोंबडी नाखूश असते. इथे मात्र ती ऐन जानेवारीत वाफ्यात खड्डा करते, एका कुशीवर लवंडते आणि पंखांनी माती अंगावर उडवत धूळस्नान करते. डोळे अर्धे मिटलेले, एक पाय हवेत. जाळीमागच्या वाफ्यांवर तिची नजर असतेच, आणि जाळीच्या भोकातून मान कुठवर जाते याचा अभ्यास आमच्यापेक्षा तिचा पक्का. भुशाची गादी हिवाळाभर उकरून-उकरून ती तयार करते ते खत पुढे मुरवून टोमॅटोला घालायचं.

अंडी? भरपूर अंडी द्यायला कोंबडीला साधारण चौदा तास उजेड लागतो. इथला डिसेंबरचा दिवस नऊ तासांचाही नाही. काच ऊन आत घेते, पण तास कुठून आणणार? टायमरवर दिवा लावावा, असं जावई म्हणतो. लेक म्हणते, वर्षभर राबल्यात, घेऊ देत रजा. तूर्तास रजा मंजूर आहे आणि अंडी दुकानातून येतात.

असा बिनकामाचा मुक्काम मात्र सगळीकडे नसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ॲना इडी यांनी 1983 मध्ये सॉलव्हिवा नावाचं ग्रीनहाऊस उभारलं. तिथे भाजीच्या शेजारी कोंबड्या ठेवल्या त्या थंडीपासून वाचवायला नव्हे, तर त्यांच्या अंगची ऊब भाजीला मिळावी म्हणून. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या कामी येई आणि अमोनिया मातीतून गाळून घेतला जाई. म्हणजे कोंबड्या भाडं उबेत भरत होत्या!

आमच्याकडे भाडेकरू कोण, हे दुपारी बारा वाजता कळतं. बाहेर उणे दहा असताना आत जॅकेट काढावं लागतं. जावई ‘कोंबड्यांना गारठा तर नाही ना, बघून येतो’ म्हणून लॅपटॉप घेऊन जातो आणि तासभर येत नाही. त्याला जेवायला बोलवायला लेक जाते, तीही तिथेच रेंगाळते. मग दोघांना बोलवायला मी निघते, चहाचा थर्मास घेऊन. आम्ही तिघं उन्हाला पाठ करून बसलो, की एखादी कोंबडी जवळ येऊन आमच्या बुटांची नाडी टोचून बघते. खाण्याजोगं काही नाही अशी खात्री झाली, की आम्हाला राहू देते.