बारा टक्क्यांचा गुन्हेगार

तिसगावच्या कापसाने 2025 साली मोठा गुन्हा केला. तो भिजला. सप्टेंबरात पाथर्डी तालुक्यावर आभाळ फाटलं तेव्हा त्याने झाडावरून उतरून घरात पळायला हवं होतं. बोंडं जागची हलली नाहीत.

त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण ओलावा 8 टक्क्यांच्या आत असेल तर. त्यापुढे दर टक्क्याला कात्री आणि 12 ओलांडले की गाडी माघारी. म्हणून वेचलेला कापूस आधी पडवीत पसरला, मग खोलीत. घरातला एकुलता पंखा कापसाला, माणसं ओट्यावर अंग खाजवत. लाइट गेली की म्हातारी पुठ्ठ्याने वारा घालायची, तोही नातवाला नाही, कापसाला. एवढं करून खरेदी केंद्रावर साहेबांनी ढिगात मीटरची दांडी खुपसली आणि म्हणाले, "तेरा."

परदेशी रुईला असली दांडी नाही. तिच्यावर 11 टक्के आयातशुल्क होतं, ते 19 ऑगस्टला माफ झालं, 30 सप्टेंबरपर्यंत. 27 ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. दुसऱ्याच दिवशी इकडे माफीची मुदत 31 डिसेंबर झाली, म्हणजे आमची वेचणी उरकेपर्यंत. सगळं लोकहितासाठी, बरं का! त्या 11 टक्क्यांत शेतीच्या पायाभूत सुविधांचा उपकरही होता. त्यातून कापूस वाळवायला एखादा ओटा तरी झाला असता की नाही? बोटीने आलेल्या गाठीला 11 टक्के सोडता येतात आणि पिकअपने आलेल्या पोत्याला 1 सोडता येत नाही, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

तिकडे जागतिक व्यापार संघटनेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड 2003 पासून ओरडताहेत की श्रीमंत देशांच्या अनुदानाने आमचा कापूस बुडतो. कान्कुन झालं, बाली झालं, नैरोबी झालं. व्यापारसुधारणेचा मसुदा दर परिषदेत निघतो आणि अनुदानाच्या कलमाशी आला की पुढच्या परिषदेत वाळत घालतात. तिथे कुणी दांडी खुपसत नाही, कुणी कात्री लावत नाही, "गाडी माघारी घ्या" म्हणत नाही. उलट जेवण देतात! आमचं म्हणणं एवढंच, पुढच्या परिषदेला केंद्रावरचा मीटर न्या. मसुद्यात खुपसा, भाषणात खुपसा, 12 च्या वर गेलं की शिष्टमंडळ परत पाठवा, पंख्याखाली. फक्त जानेवारीच्या आत मीटर आणून द्या, फरदडीच्या कापसाला लागतो.