फायनल किती?

माझ्या कार्डावर ‘व्हिंटेज क्युरेटर, गिरगाव, मुंबई ४’ असं छापलेलं आहे. बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि एकच शंका काढली. “यावर ‘जुनी भांडी घेतो’ असं कुठंच नाही. लोकांना कळणार कसं?”

कळतं. लोकांना बरोब्बर कळतं. चाळीत मला क्युरेटर म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तळमजल्यावरचे काका “काय, आज कुणाचं घर धुऊन आणलंत?” असं विचारतात, आणि समोरच्या वहिनी मी गॅलरीतून येताना दिसलो की उन्हात ठेवलेला तांब्या आत घेतात.

आमच्या घरात दोन ऑनलाइन धंदे आहेत. माझा प्रतिष्ठेचा आणि बायकोचा नफ्याचा. ती हिंदमाताच्या होलसेलवाल्यांकडून साड्यांचे गठ्ठे उचलते आणि रात्रीची जेवणं आटोपली की फोन खुंटीला अडकवून लाइव्ह जाते. “ताई, स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, जिचं पेमेंट आधी तिची साडी. कॅमेऱ्यात रंग थोडा वेगळा दिसतो. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ असल्याशिवाय डॅमेज मान्य नाही.” हे सगळं एका दमात, आरतीच्या चालीवर. तेवढ्यात सांगलीच्या ताई, नाशिकच्या ताई, न्यू जर्सीच्या ताई बोटं चालवतात आणि तासाभरात गठ्ठा संपतो. पावसात हिंदमाता तुंबलं की ती गुडघाभर पाण्यातून माल घेऊन येते आणि लाइव्हवर सांगते, “ताई, साड्या कोरड्या आहेत, मीच भिजलेय.” त्या रात्री विक्री दुप्पट. अशा वेळी माझं काम लाइट धरण्याचं. क्युरेटरनं लाइट धरायला हरकत नसते. मोठमोठ्या म्युझियममध्येसुद्धा प्रकाशयोजनेला फार महत्त्व असतं.

माझा माल म्हणजे पितळ. घंगाळं, बंब, हंडे, कळश्या, पानाचे डबे, कधी नशिबानं एखादा फिरकीचा तांब्या. त्यांचे फोटो मी दुपारी उन्हं तिरपी झाली की गॅलरीच्या लाकडी कठड्यापाशी काढतो, शेजारी मोगऱ्याचा गजरा ठेवून. मग वर्णन लिहायला बसतो. बायकोचं वर्णन असतं, ‘कॉटन सिल्क, ब्लाउजपीससह, ६५०.’ माझं सुरू होतं, ‘या घंगाळानं किती पहाटा पाहिल्या असतील…’ आणि तीन परिच्छेदांनंतरही त्याचा व्यास आलेला नसतो. वाचक भरपूर, गिऱ्हाईक बेताचं. मराठीत लिहिणाऱ्याला याची सवय असावी लागते.

पूर्वी मी भांडी चिंच आणि पितांबरी लावून लखलखीत करत असे. मग ध्यानात आलं की घासलेल्या भांड्यापेक्षा काळवंडलेलं भांडं चढ्या भावानं जातं. त्यावरच्या काळपटपणाला ‘ओरिजिनल पॅटिना’ म्हणायचं. आळसाला बाजारात इतका भाव असेल असं मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी कितीतरी आधी श्रीमंत झालो असतो. हे तत्त्व मी बायकोला उत्साहानं समजावलं. ती म्हणाली, “आपल्या कढईला गेला आठवडाभर पॅटिना आहे. तेवढा आज काढा.”

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, “कुठल्या वाड्यातलं?” वाड्यातलं घंगाळ हवं असतं, चाळीतलं नको. आता या मुंबईत मराठी माणसाचं पितळ होतं कुठं? एका खोलीत, मोरीच्या कडेला, फळीवर उतरत्या क्रमानं मांडलेलं. पण ‘परळ, दुसरा मजला, संडासाच्या बाजूची खोली’ असं लिहिलं तर किंमत निम्मी होते. मी खोटं बोलत नाही. ‘मराठी वास्तुपरंपरेतून आलेलं’ असं लिहितो. चाळ ही वास्तू आहे, आणि ती पडायला येणं ही परंपरा.

वयाचंही तेच. ऑनलाइन बाजारात प्रत्येक हंडा शंभर वर्षांचा असतो. विकणाऱ्यांना एवढंच माहीत नसतं की १९७२चा पुरावस्तूंचा कायदा कलाकुसरीच्या वस्तूला शंभर वर्षं भरली की तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे ‘शंभर वर्षं जुना’ असं लिहिणारा स्वतःच्या हातानं कबुलीजबाब लिहून देत असतो. माझे हंडे ९९व्या वर्षी थांबतात. पुढच्या वर्षीही ते ९९चेच असतील.

वाड्याचा प्रश्न सुटला की येतो तो मुख्य प्रश्न, “फायनल किती?” तो रात्री एक वाजता येतो, नमस्कार-चमत्काराशिवाय येतो. फायनल सांगितलं की “लास्ट किती?” लास्ट सांगितलं की “बेस्ट सांगा.” बेस्टनंतर “बघून कळवतो.” माझी काही गिऱ्हाइकं अजून बघताहेत.

एकानं मात्र घासाघीस केलीच नाही. लष्करात आहे म्हणाला, पोस्टिंग जम्मूला, घंगाळ ताबडतोब हवंय, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. सीमेवर आपलं घंगाळ! क्षणभर छाती फुगली. पण जो घासाघीस करत नाही तो गिऱ्हाईक असूच शकत नाही, ही गिरगावातली पिढीजात विद्या ऐन वेळी कामी आली. शिवाय यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना लागतच नाही. हे वाक्य मी कार्डाच्या मागं छापून घेणार आहे. तेवढ्यापुरतं तरी कार्ड कुणी जपून ठेवील.

आपण काही नवीन करतोय असा माझा गोड समज होता. वास्तविक याच मुंबईतून २००० साली बाझी डॉट कॉम हे ऑनलाइन दुकान सुरू झालं, २००४ साली ईबेनं ते विकत घेतलं आणि २०१८ साली ते भारतातलं दुकान बंदही झालं. चोरबाजारातली मटण स्ट्रीट मात्र जागच्या जागी आहे. शुक्रवारी पक्की दुकानं बंद आणि रस्त्यावर पथाऱ्या, हा नेमसुद्धा तसाच. तिथला व्यापारी भाव सांगण्याआधी माझ्या चपला बघतो. त्यानं ‘सेठ’ म्हटलं की मी समजतो, आज चपला बदलायला हव्या होत्या. आणि त्याच्याही वरची गुरू म्हणजे दारावर येणारी बोहारीण. ती जुनी साडी उजेडात धरायची, जर चिमटीत घेऊन बघायची, नाक मुरडायची, पाटी उचलून अर्धा जिना उतरायची आणि परत यायची. जिन्यावरून परत येणं हे तिचं फायनल. एका पातेल्यासाठी तीन साड्या आणि वर एक पँट घेऊन ती जायची, आणि आपण जिंकलो असं घरातल्या बायकांना संध्याकाळपर्यंत वाटत राहायचं. असं गिऱ्हाईक-समाधान माझ्या पाचतारांकित रिव्ह्यूंतही नाही.

पण मला खरं बोलायचंय ते भांड्यांवरच्या नावांबद्दल. हा विषय निघाला की कुरिअरवाला खालून हाका मारून निघून जातो तरी तुम्हांला कळत नाही, असं बायको म्हणते. जाऊ दे त्याला.

मराठी घरातलं भांडं सहसा बिननावाचं नसतं. ‘नाव घालून मिळेल’ ही भांडीवाल्याची फुकट सेवा. पूर्वी छिन्नी-हातोडीनं ठिपके ठोकून, पुढं मशीनच्या टोकानं टर्रर्र करत. कारण व्यवहारी होतं. चाळीत लग्न निघालं की सगळ्या मजल्यांची भांडी एका पंगतीला जायची, ती आपापल्या दारी परतायला हवीत. पण एकदा लिहायला जागा मिळाली म्हटल्यावर माणूस व्यवहारावर थांबतो थोडाच! ‘चि. सौ. कां. अमकीस, शुभविवाहप्रीत्यर्थ, मामा-मामी यांजकडून सप्रेम भेट’, खाली तारीख, गावाचं नाव. ‘प्रीत्यर्थ’ हा शब्द मी अजून दोन भांड्यांवर सारखा लिहिलेला पाहिलेला नाही. माझ्या निरीक्षणानुसार भांडं जितकं लहान तितका मजकूर मोठा. हंडा देणारा नुसती आद्याक्षरं घालतो. वाटी देणाऱ्याला वडलांच्या नावासकट आडनाव हवं असतं. चमच्याच्या दांडीवर मी एका अख्ख्या मित्रमंडळाची नावं वाचली आहेत, भिंग लावून. देणाऱ्याचं नाव घेणारीच्या नावापेक्षा खोल असतं. माझ्याकडच्या एका पेल्यावर घेणारीचं नाव पुसून गेलंय आणि आत्याबाईंचं शाबूत आहे. जिनं आयुष्यभर घासला तीच गेली. एका परातीवर तीन नावं आहेत, तीन तारखा, तीन लग्नं. ती परात कुणीच वापरलेली नाही. सेकंडहँड वस्तू नवी म्हणून खपवण्याचा शोध इंटरनेटनं लावला असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ती परात दाखवतो.

आणि लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांमधली पातेली! कोकणातल्या एकेका गावाची माणसं गिरणीच्या पाळ्यांप्रमाणं पाळीपाळीनं जिथं झोपायची, त्या खोलीत अख्ख्या गावाला पुरेल एवढं पातेलं असायचं, ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असं कोरलेलं. माणसांना पाय पसरायला जागा नव्हती, पातेल्याला होती.

तर अशा भांड्याचा फोटो टाकला की विचारणा येते, “नाव बफ करून मिळेल का?” परंपरा हवी, पण कुणाची नको. इथं माझं डोकं फिरतं, आणि क्युरेटरला न शोभणारी उत्तरं जातात.

डोकं फिरायला दुसरंही कारण आहे. शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सकाळी बादली घेऊन रांग लावली, त्यांना घरात स्वतःचा संडास मिळावा, याहून मोठा वारसा मला दिसत नाही. पण अशा हलणाऱ्या घरांतूनच माझा माल येतो, आणि दारात एकच वाक्य ऐकू येतं, “न्या हो, नव्या घरात ठेवायला जागा नाही.” १६० फुटांत मावत होतं ते ५०० फुटांत मावत नाही. हे गणित माझ्या पथ्यावर पडतं, म्हणून मी तोंड मिटून वजनकाटा काढतो.

लालबागच्या एका खोलीत मात्र काटा तसाच राहिला. इमारत रिकामी होत होती. मुलानं मला फोन करून बोलावलेलं, आजी कोपऱ्यात बसून माझ्यावर लक्ष ठेवून. एक मोठं पितळी पातेलं होतं, आतली कल्हई उडालेली. काठावर तिचं नाव. नुसतं पहिलं. सौ. नाही, आडनाव नाही, यांजकडून नाही. सवयीनं विचारलं, “आजी, हे कुणी दिलं?”

“कोण देणार? मीच घेतलं.”

तिची खानावळ होती. गिरणीतली माणसं महिन्याच्या बोलीवर जेवायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा हिचीही सावकाराच्या व्याजातून मान सुटली. कर्ज फिटल्यावर हे पातेलं घेतलं, भांडीवाल्याला म्हणाली, माझंच नाव घाल. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पैसे यायचे थांबले, माणसं यायची थांबली नाहीत. “पानावर बसलेल्याला उठवायचं कसं?” बाकीची भांडी एकेक करून तांबा काट्याच्या बाजारात गेली, नावासकट, किलोच्या भावानं. हे राहिलं, कारण भात कशात तरी शिजवायला हवाच.

“आणि संप मिटल्यावर?” मी विचारलं.

“मिटला कुठं?” ती म्हणाली. खरंच आहे. तो संप रीतसर कुणी मागं घेतलाच नाही.

भाव तिनंच सांगितला. मी मान डोलावली, तशी ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. मग “शंभर कमी करा” म्हणालो, तेव्हा तिला धीर आला. कमी केले नाहीत.

घरी आणून फोटो काढले, पण वर्णन काही लिहिता येईना. शेवटी बायकोच्या पद्धतीनं लिहिलं, ‘पितळी पातेलं, वापरलेलं, कल्हई लागेल.’ संध्याकाळपर्यंत विचारणा सुरू. एकाला ते वाड्यातलं हवं होतं, एकीला नावाशिवाय. दोघांनाही नाही म्हणालो. तेवढ्यात मागून आवाज आला.

“फायनल किती?”

वळून पाहिलं. बायको पदर खोचून पातेल्याचा काठ बोटानं तपासत होती.

“साडेतीन हजार,” मी म्हणालो.

“कल्हई गेलीय. बुडाला पोचा आहे. लास्ट?”

“ठेवणार कुठं?”

“साड्या ठेवीन त्यात. लास्ट बोला.” मी बोललो नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तीन हजाराला सौदा पटला. माझ्या फोनवर पैसे आल्याची टिंग वाजली. पॅकिंगचे वेगळे पडतील म्हणालो, ते तिनं ऐकलं नाही.

“हे नाव असंच राहू दे,” ती म्हणाली. “त्याच्या खाली माझं घालायचंय. कुणी मिळेल ना घालून देणारा?”

“शोधू की,” मी उदार झालो. “आणि शेवटी माझंही घालू. ‘यांजकडून सप्रेम भेट.’”

“भेट कसली?” ती म्हणाली. “तीन हजार रुपये मोजलेत मी.”