ढेकर : एक शास्त्रशुद्ध मीमांसा

अडवू नयेत असे तेरा वेग चरकसंहितेने सांगितले आहेत. त्यांत शिंक, जांभई आणि अश्रू यांच्या पंक्तीला ढेकरही सन्मानाने बसला आहे. योगग्रंथांनी तर पाच उपप्राणांपैकी नाग हा वायू खास त्याच्या कामावर नेमला. अशा विषयाची हेळसांड विद्वानांना शोभत नाही.

प्रथम उत्पत्ती. ढेकर अन्नापासून तयार होतो, हा लोकभ्रम आहे. घासागणिक, घोटागणिक आपण हवा गिळतो आणि ती जठराच्या वरच्या घुमटात साचते. घुमट ताणला की व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूकडे वर्दी जाते, अन्ननलिकेच्या तळाची झडप क्षणभर सैल पडते, हवा वर सरकते आणि गळ्याजवळची दुसरी झडप थरथरवीत बाहेर येते. सोडा प्यायल्यास कार्बन डायऑक्साइडची भर, इतकेच. ढेकरात पुरणपोळीचा वाटा फार तर वासापुरता.

आता मूळ वाद. यजमान पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून फिरतात आणि शेवटी तृप्तीच्या ढेकराचीही वाट पाहतात. या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत. तोंड मिटून सावकाश चावणारा हवा कमी गिळतो. बकाबका जेवता जेवता व्याह्यांशी गप्पा हाणणारा पोटभर गिळतो. आज्ञाधारक पाहुणा मुकाट उठतो, आज्ञाभंग करणारा मांडव दणाणून सोडतो आणि कौतुक होते ते दुसऱ्याचे! भरल्या पोटाने ताण वाढतो, हा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. पण त्या ताणाने सुटते ती हवाच.

काहींची वरची झडप जन्मभर उघडतच नाही. छातीत गुरगुर, पोट तट्ट. शिकागोजवळचे डॉ. रॉबर्ट बॅस्टियन यांनी अशा रुग्णांच्या गळ्यातील स्नायूत बोटॉक्स टोचून त्यांना ढेकरास लावले आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्धही केले. अंतराळवीरांचे दुःख निराळे. तेथे हवा वर, रस खाली अशी वाटणीच होत नसल्याने ढेकराबरोबर जेवणही परतण्याची भीती. गायींचा ढेकर तर मिथेनपायी राजकारणात गेला : न्यूझीलंडने २०२२ साली त्यावर आकारणी सुचवली, २०२४ मध्ये पुढच्या सरकारने ती गुंडाळली.

निर्णय : ढेकर हा गिळलेल्या हवेचा पुरावा आहे, स्वयंपाकाचा नव्हे. यजमानांनी कान देण्याऐवजी मठ्ठ्याची दुसरी वाटी कोणी मागितली ते पाहावे. तो पुरावा ग्राह्य धरावा.