लाइट गेली, भजन चालू

लोकल ऐन वेगात असताना एकाएकी पंखे मंदावतात. आधी पाती वेगवेगळी दिसू लागतात, मग त्यांच्या कडांवर साचलेली काळी धूळ दिसते, आणि तोवर कोणीतरी रेल्वेचा उद्धार सुरू केलेला असतो. भजनी मंडळ मात्र ढिम्म. अर्ध्या काळोखात टाळ चालूच. काही सेकंदांत लाइट येते आणि उद्धार अर्धवट राहतो.

हा बिघाड नव्हे, न्यूट्रल सेक्शन. ग्रीडमध्ये वीज असते तीन फेजची. गाडीच्या डोक्यावर तार एकच, 25 हजार व्होल्टची. सगळ्या गाड्यांनी ठरावीक फेजच ओरबाडल्या तर ग्रीडचा तोल जातो आणि कुठल्यातरी कारखान्यातल्या मोटारी विनाकारण तापतात. म्हणून लागोपाठच्या सबस्टेशनांना फेज वेगवेगळ्या वाटून दिलेल्या असतात. या फेज तारेवर एकमेकींना भिडल्या तर शॉर्ट सर्किटच. म्हणून मध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा. त्याच्या 500 आणि 250 मीटर आधी इशाऱ्याच्या पाट्या असतात. तुकडा येण्याआधी चालकाने वीज तोडायची आणि आहे त्या वेगावर गाडी पलीकडे जाऊ द्यायची. म्हणजे आपला पंखा थांबतो तो बाकीच्यांची वीज धड राहावी म्हणून! हे घामाघूम माणसाला सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.

जुने प्रवासी म्हणतात, पूर्वी हे असलं नव्हतं. खरं आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्ही.टी.हून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि डीसीला मुळात आजच्या एसीसारखी फेजच नसते.

ग्रीडचा तोल सांभाळला तरी विजेच्या सुराचं राहतंच. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप गंधार ऐकू येतो, तो पाचवा उपस्वर. त्याला आपण स्वयंभू म्हणून हात जोडतो. 50 हर्ट्झच्या विजेतही जुनी रेक्टिफायरवाली इंजिनं असाच पाचवा उपस्वर मिसळतात, 250 हर्ट्झचा. तिसरा आणि सातवाही. इंजिनीअर मात्र त्याला हार्मोनिक्स म्हणतो आणि गाळायला फिल्टर बसवतो, कारण त्याने ट्रान्सफॉर्मर तापतात, शेजारच्या टेलिफोन-सिग्नलच्या तारांत खरखर शिरते. शिवाय पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी खरंच कामी येणारा हिस्सा, घसरला की बिलात भुर्दंड. त्यासाठी सबस्टेशनात कपॅसिटर बँका. एका इंजिनाच्या बेसुरेपणापायी केवढा हा सरंजाम!

खरा इलाज इंजिनातच होता. थ्री-फेज मोटारींच्या नव्या इंजिनांतले आणि लोकलमधले कन्व्हर्टर जवळजवळ एकच्या पॉवर फॅक्टरने वीज घेतात, हार्मोनिक्स फारच कमी सोडतात आणि ब्रेक लावताना वीज परत तारेत देतात. हा शेवटचा गुण काही आजचा नाही. 1928 च्या सुमारास घाटात आलेलं, ज्याला रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत, ते डीसी इंजिनही उतारावर वीज परत करत असे. परतफेड त्याला तेव्हाच जमत होती. वीज घ्यायची शिस्त यायला मधली कित्येक दशकं गेली. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सबस्टेशनात कितीही फिल्टर आणि कपॅसिटर मांडा, विजेची प्रत सुधारण्यावर खर्च करायचा तर पहिला रुपया गाडीवर करावा.