भाऊसाहेब, संगणक उत्तीर्ण

पंचायत समिती असो, तहसील असो की पाटबंधारे खातं, संगणक शिकलेले भाऊसाहेब सगळीकडे सारखेच. ते संगणक हौसेनं शिकत नाहीत, वेतनवाढीसाठी शिकतात. 2001 साली एमएस-सीआयटी निघाली तेव्हा ‘पोरांचं खूळ’ म्हणून त्यांनी ती उडवून लावली. मग मुदत पडली: 31 डिसेंबर 2007पर्यंत संगणक परीक्षा पास व्हा, नाहीतर वेतनवाढ बंद. पन्नाशी पूर्ण केलेल्यांना सूट होती. पण त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्रासारखे भाऊसाहेबही 1 जूनला, मास्तरांच्या लेखणीतून जन्मलेले. नोकरी लांबावी म्हणून मास्तरांनी वय दोन वर्षं कमीच लावलेलं. इतकी वर्षं ज्या मास्तरांना भाऊसाहेब दुवा देत आले, त्यांचा उद्धार मुदत कळली त्या संध्याकाळी पहिल्यांदा झाला.

सेंटर बाजारपेठेत, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. चपला बाहेर. शिकवायला भाऊसाहेबांच्या धाकटीच्या वयाची मुलगी. ती त्यांना ‘काका’ म्हणते आणि ते तिला ‘मॅडम’. जिच्या हाती आपला निकाल, तिला ‘अगं’ करायचं नाही, एवढं नोकरीनं शिकवलेलं असतं. समोर दोनशे पानी वही आणि तीत टिपण: ‘माउस उजव्या हातात धरणे. डावे बटण दोनदा दाबणे (त्वरेने).’ त्वरेचंच अवघड जातं. भाऊसाहेबांच्या लेखी पहिली क्लिक हा अर्ज, दुसरी हे स्मरणपत्र. मध्ये वाजवी काळ जायला नको? माउस सरकवत सरकवत ते कडेला येतात आणि हात तसाच अधांतरी ठेवून सांगतात, ‘‘मॅडम, टेबल संपलं.’’

यावर उतारा पत्त्यांचा. मायक्रोसॉफ्टनं 1990 साली विंडोजमध्ये सॉलिटेअर घातला त्यात लोकांचा हात माउसवर बसावा, पान धरून ओढायची सवय लागावी, हाही हेतू होता. भाऊसाहेबांनी हा अभ्यासक्रम निवृत्तीपर्यंत नेटानं चालू ठेवला.

टायपिंगमध्ये मात्र त्यांचा कुणी हात धरू नये. मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा तरुणपणीच पास. फक्त बोटांना लोखंडी मशीनची सवय, त्यामुळे की-बोर्ड टेबलावर उड्या मारतो आणि ओळ संपली की डावा हात कॅरेज ढकलायला आपोआप वर जातो. एकदा कृतीदेवमध्ये झकास टंकलेला अहवाल पेन ड्राइव्हवरून जिल्हा परिषदेत गेला. तिथल्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, म्हणून पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. भाऊसाहेब परत येऊन म्हणाले, ‘‘वरच्यांनी परस्पर भाषांतर केलं. तेही चुकीचं.’’

ई-मेलचं प्रकरण वेगळं. सीसी म्हणजे काय, यावर पोरं गोंधळली. कार्बन पेपरवर हयात काढलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ हेच की! बीसीसी तर त्यांना मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला पत्ता लागू न देता साहेबांच्या कानावर घालायचं, हे ते तीस वर्षं तोंडी करत होते. आता त्याला अधिकृत रकाना मिळाला. अडलं ते जोडपत्राशी. ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असं ते ठळक अक्षरात लिहितात आणि सोबत काहीच नसतं. पुढे आलेल्या मेलची प्रिंट काढायची, आवक क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, फाइलला लावायची. उत्तर पाठवलं की पाठोपाठ फोन : ‘‘मेल केलाय, बघून घ्या.’’ फोन लागला नाही तर शिपाई.

आपण हसतो. हसावंही. पण भाऊसाहेबांचा भाचा हिंजवडीत संगणकावरच पोट भरतो. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज त्याला आला, तेव्हा त्यानं मेसेजमधल्या लिंकवर निमूट टिचकी मारली आणि खातं धुऊन घेतलं. तोच मेसेज मामांनाही आला होता. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. जावक क्रमांक नाही, सही नाही, पदनाम नाही, संदर्भ नाही. असल्या कागदावर कारवाई करायची नसते.

आठवड्यानं कुणी गोड आवाजात ओटीपी मागितला.

‘‘आपलं पूर्ण नाव? पदनाम? कुठल्या परिपत्रकान्वये मागताय?’’

‘‘सर, अर्जंट आहे, खातं बंद होईल.’’

‘‘लेखी अर्ज द्या. बघतो.’’

समोरच्यानं शिवी हासडून फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी स्वतःच त्या नंबरवर फोन लावला आणि विचारलं, ‘‘अजून अर्ज मिळाला नाही आपला?’’