फिल्टरचा दट्ट्या

न्यू ऑर्लिन्स,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. आबांस,


आम्ही सुखरूप पोचलो. चादर पोचली, शेंगाचटणी पोचली, अक्कांनी दिलेला पितळी फिल्टरही पोचला. विमानतळावर मात्र तो चादरीतून काढून तिघांनी तपासला. डब्यावर डबा, वरच्याला भोकं! कॉफीचं भांडं आहे म्हटलं, तर साहेब म्हणतो, मग कॉफी कुठाय? तुमच्या सूनबाईंनी घाईत चटणीची पुडी पुढे केली. त्यानं खोल श्वास घेऊन वास घेतला आणि शिंकतच आम्हाला सोडलं.

आता मुख्य बातमी, ती बसून वाचा. इथे चिकोरीला भेसळ म्हणत नाहीत.

एमआयडीसीतली ती दुपार आठवते? तुम्ही गार पाण्याच्या पेल्यात चिमूटभर कॉफी टाकलीत. थोडी वर तरंगली, बाकीची तपकिरी शेपट्या सोडत तळाला गेली. "बुडाली ती चिकोरी!" म्हणत लूम तशीच चालू ठेवून, पेला हातात धरून तुम्ही अक्कलकोट रोडनं वाण्याकडे निघालात. त्यानं शांतपणे पुडा उलटा केला. कॉफी ७० टक्के, चिकोरी ३०. कायद्याला कॉफी ५१ टक्के असली तरी चालते, म्हणजे हा तर उदारच निघाला. पेला घेऊन तुम्ही परत आलात आणि तीच कॉफी आजतागायत पिताय.

परवा मी इथल्या डब्यावर तुमचाच प्रयोग केला. शेपट्या आल्याच. पण भांडणार कुणाशी? 'कॉफी आणि चिकोरी' असं डब्यावर दुकानाच्या पाटीसारखं ठसठशीत छापलंय! ही खोड फ्रेंचांची. नेपोलियननं इंग्रजांशी व्यापार तोडला तेव्हा फ्रेंचांना कॉफी मिळेना, म्हणून ते चिकोरीची मुळं भाजून कॉफीत घालू लागले. इथल्या यादवी युद्धात १८६१ मध्ये बंदराची नाकेबंदी झाली, तेव्हा या गावालाही तोच उपाय कामी आला. युद्ध संपलं, जिभेची सवय राहिली. आणि आपण तरी कुठे सोवळे? आजी पोलसन म्हटलं की लोण्याचंच नाव काढायची, पण मुंबईच्या पोलसनवाल्या पेस्तनजींनी धंदा मांडला तो कॉफीचा. त्यांच्या 'फ्रेंच कॉफी'त चिकोरीच असायची.

चिकोरी म्हणजे आपल्या सूर्यफुलाच्या कुळातली, निळ्या फुलांची. मूळ वाळवायचं, भाजायचं, दळायचं. आपल्याकडे जामनगर भागात पिकते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं, तेव्हा दुपारच्या कॉफीनं झोप उडते ही तुमची तक्रार ३० टक्के तरी मागे घ्या.

रविवारी कॅफे दु माँदला गेलो. १८६२ पासूनचं आहे. अर्धी कॉफी, अर्धं गरम दूध, वर बेन्ये नावाचे तळलेले चौकोनी गुलगुले, एका बशीत तीन. त्यांच्यावर पिठीसाखर अशी ओततात की गुलगुला शोधावा लागतो. चिरंजीव हसले आणि माझ्या काळ्या शर्टावर सगळी साखर उडाली. थेट लूमवरून रात्रपाळी संपवून आलेला जॉबर दिसत होतो, भुवया धरून पांढरा. डोळे मिटले असते तर खडखडाटही ऐकू आला असता. कॉफी चांगली होती. अक्कांच्या कॉफीइतकी नव्हे. दाट आहे, पण तिला पेला-वाटीतला फेस नाही. काल कोजागरीला सूनबाईंनी कॉफीत जायफळ किसलं, तेव्हा कुठे ती घरची झाली.

घरी मात्र अडचण आहे. फिल्टर उघडला तर आतला दट्ट्या नाही. पूड दाबली नाही की पाणी सरळ खाली पळतं आणि डिकॉक्शनचा काढा होण्याऐवजी धुवण होतं. सध्या आमटीच्या वाटीच्या बुडानं दाबतोय. काल वाटी आतच अडकली, ती काढायला शेजारच्या गोऱ्या काकांचा पाना आणावा लागला. आई म्हणेल मी सांगितलं होतं, तर हो, तिनं सांगितलं होतं.

दट्ट्या माळ्यावर, जुन्या कांड्यांच्या डब्यात असणार. डिसेंबरात येताना तेवढा आठवणीनं आणा. कॉफी आणू नका, वाण्याला त्रास नको.

आपला,
बाळू