ब्रेकोपंत

मोटार बाळगणाऱ्या माणसांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात, असा माझा फार दिवसांचा समज होता. पहिल्या वर्गातला माणूस नव्या गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, आणि त्यानंतर ती भर रस्त्यात बंद पडेपर्यंत तिच्या अंतरंगाची विचारपूस करीत नाही. हा वर्ग बहुसंख्य असून मी त्याचा आजीव सभासद आहे. दुसऱ्या वर्गातल्या माणसाला गाडी पळवायची असते, आणि ती पळत नसेल तर निदान पळत असल्याचा आवाज तरी तिने करावा, म्हणून तो तिच्या सायलेन्सरवर असे काही संस्कार करतो की, रात्री अकरानंतर साऱ्या पेठेच्या झोपेवर टाच येते. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहावयास आले, आणि या वर्गवारीत मोठी त्रुटी राहून गेल्याचे माझ्या ध्यानात आले. गाडी पळावी म्हणून ज्याने आयुष्यात एक छदामही खर्च केला नाही, पण ती थांबावी म्हणून भविष्यनिर्वाह निधीत हात घालावयास जो मागेपुढे पाहत नाही, असाही एक पुरुष या भूतलावर असतो.

वसाहतीतल्या मुलांनी त्यांचे ब्रेकोपंत असे नामकरण केले, आणि पंतांनी ते एखाद्या सरकारी किताबासारखे शिरोधार्य मानले. त्यांची हयात लेखापरीक्षण खात्यात गेली. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप नोंदविणाऱ्या माणसाचा स्वतःच्या खर्चावरचा ताबा कसा सुटतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पंतांची गाडी पाहावी. गाडी म्हणजे मारुती झेन. हे मॉडेल १९९३ साली बाजारात आले, आणि पंतांकडचा नमुना १९९८ सालचा. ९९३ घनसेंटिमीटरचे एंजिन, तेरा इंची चाके, पुढे चकतीचे ब्रेक आणि मागे ड्रम, एवढे कंपनीने दिले आणि घेणाऱ्यांनी ते निमूटपणे पदरात घेतले. पंतांनी मात्र हा निवाडा अखेरचा न मानता त्यावर अपील दाखल केले, आणि त्या अपिलाची सुनावणी आजतागायत चालू आहे.

त्यांच्या तत्त्वज्ञानाचा पहिला पाठ मला चहाच्या कपावर मिळाला. "राव, तुमची गाडी ताशी किती पळते, ते मला सांगू नका," पंत म्हणाले. "ऐंशीवरून शून्यावर यायला तिला किती जमीन लागते, ते सांगा." मी ती कधी मोजली नसल्याचे कबूल केले. "कोणीच मोजत नाही! लोकांना वाटते, वेग दुप्पट झाला तर थांबायलाही दुप्पट अंतर लागेल. चौपट लागते, चौपट!" आणि हा सिद्धान्त माझ्या मनावर ठसावा म्हणून, चाळीसच्या वेगाला एक चमचा धरला तर ऐंशीच्या वेगाला किती, हे त्यांनी साखर मोजून माझ्याच कपात टाकून दाखविले. मला मधुमेह आहे असे मी सांगताच ते किंचितही न अडखळता म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, ब्रेक वेळेवर लागला पाहिजे."

त्यांची वाणी रंगात आली म्हणजे ब्रेकचा इतिहास ते बखरीच्या थाटात सांगतात. लँचेस्टर नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने १९०२ साली चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले, ही मूळ पुरुषाची नोंद. त्यानंतर मोटारींच्या दुनियेत या घराण्याला जवळजवळ अर्धशतकाचा अज्ञातवास घडला. आणि १९५३ साली फ्रान्सातल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार गाडीने चकतीच्या ब्रेकांच्या बळावर बाजी मारली, तो राज्याभिषेक. इतर गाड्यांचे चालक वळणाच्या अलीकडे जेथे ब्रेकवर पाय ठेवीत, तेथून बरेच पुढे जाऊन जग्वारचे चालक ठेवीत, हे सांगताना पंतांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो आणि डोळे पाणावतात. "ती गाडी पळाली म्हणून जिंकली नाही, राव. तिला उशिरा थांबता आले म्हणून जिंकली."

साधूच्या लंगोटीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध हवे म्हणून गाय, गाईला चारा हवा म्हणून शेत, आणि अखेर तो बिचारा साधू कुटुंबवत्सल होऊन बसतो. पंतांच्या गाडीत ही गोष्ट मी प्रत्यक्ष घडताना पाहिली. पुढच्या मूळ चकत्या पातळ आहेत, लागोपाठ ब्रेक मारले तर तापतात, सबब दोन पदरांच्या, मधून हवा खेळणाऱ्या मोठ्या चकत्या बसवाव्यात, अशी मूळ तजवीज होती. मोठ्या चकतीला मोठा कॅलिपर आला. तो तेरा इंची चाकात मावेना, म्हणून चौदा इंची चाके आली. त्यांच्यावर रुंद टायर आले. ते पुरते वळताना मडगार्डच्या आतल्या कडेला घासू लागले, म्हणून ती कड ठोकून वर वळविली. मोठा कॅलिपर तेल जास्त पितो, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागले. म्हणून थोरल्या गाडीचा मास्टर सिलेंडर आला. तो पायाला जड लागला, म्हणून थोरला बूस्टर आला. बूस्टरला जागा पुरेना, म्हणून बॅटरीला स्थलांतराचा हुकूम झाला. आणि बॅटरी हलविताना हॉर्नची वायर तुटली. आज पंतांच्या गाडीत थांबण्याची सर्व सिद्धता आहे, हॉर्न तेवढा नाही. तो दुरुस्त का करीत नाही, असे मी विचारले तेव्हा, "ज्याला थांबता येते, त्याला ओरडावे लागत नाही," असे उत्तर मिळाले.

हे सर्व सामान नाना पेठेतून आले. तेथल्या एका मिस्त्रीशी पंतांचा असा काही ऋणानुबंध जुळला आहे की, पंतांच्या घरी काही गोडधोड झाले तर त्याचा एक डबा ठरल्याप्रमाणे नाना पेठेत रवाना होतो. खर्चाचा तपशील पंत सवयीने एका लाल वहीत मांडतात. बाजारात गाडीचे आजचे मोल ४५,००० रुपये. ब्रेक आणि सस्पेन्शन या खाती आजवर ९१,४०० रुपये. ही शेवटची बेरीज एकदा वहिनींनी वाचली. त्या फारसे बोलत नाहीत, त्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "काही शिल्लक उरली तर माझ्या गुडघ्यांचे शॉकअब बदलून आणा."

पण रविवारी सकाळी ब्रेकची हवा काढायची असते तेव्हा याच वहिनी स्वयंपाकघरातले काम अर्धवट टाकून, पदर खोचून चालकाच्या आसनावर येऊन बसतात, आणि त्या दांपत्याचा जो संवाद होतो तो ऐकण्यासाठी मी मुद्दाम त्या वेळी झाडांना पाणी घालतो. तेलाच्या टाकीपासून सर्वांत लांबचे चाक म्हणून आरंभ मागच्या डाव्या चाकापासून होतो. पंत चाकाशी उकिडवे बसतात. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवतात. "दाब." "दाबला." "पुन्हा दाब. पुन्हा. आता धर." "धरलाय." पंत पान्याने निपल पाऊण फेरा सैल करतात, नळीतून तेल आणि त्याच्याबरोबर मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे चुळकन बाहेर पडतात, वहिनींचा पाय खाली जातो. "सोडू नकोस!" "नाही सोडत." निपल आवळले जाते. "आता सोड." चार चाके, प्रत्येकाला दहा-बारा आवर्तने. एखाद वेळी पंतांनी निपल आवळण्यापूर्वीच वहिनी पाय उचलतात, नळीतली हवा उलटी आत जाते, आणि सगळे अनुष्ठान पहिल्यापासून सुरू होते. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. एवढ्या शब्दांची देवाणघेवाण त्यांच्यात एरवी आठवड्यात होत नाही.

ब्रेकनंतर पंतांची दृष्टी सस्पेन्शनकडे वळली. पूर्वी ब्रेक मारला की गाडी पुढे वाकून नाकाने नमस्कार घाली. तो विनय पंतांना मानवेना. कोइमतूरच्या बाजूला शर्यतींच्या गाड्यांची मोठी परंपरा असल्यामुळे तेथूनच त्यांनी मूळच्यापेक्षा ३५ मिलिमीटर आखूड आणि चांगल्याच कडक स्प्रिंगा मागविल्या, त्यांना साजेसे शॉकअब आणले, बुश बदलले, चाकांचे अलाइनमेंट तीनदा करून घेतले. गाडी आता नमस्कार घालीत नाही, वळणावर झुकत नाही, आणि चार माणसे बसली तरी मागून खचत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. फरक इतकाच की, पूर्वी खड्डा चाकाला कळे. आता तो मणक्याला कळतो. वहिनींनी मंडईच्या बाजूने आणलेल्या दुधावर घरी येईपर्यंत लोण्याचे कण तरंगू लागतात.

खरी पंचाईत झाली ती गतिरोधकांची. ज्या पुण्यात प्रत्येक गल्लीला एकेक स्वयंभू गतिरोधक आहे, तेथे ३५ मिलिमीटरचा सौदा किती महाग पडतो, हे मला एका लग्नाला त्यांच्याबरोबर जाताना उमगले. गतिरोधक दिसला की पंत गाडी थांबवीत. आम्ही तिघे रीतसर खाली उतरत असू. हलकी झालेली गाडी तिरकी होत, आधी एक चाक, मग दुसरे, अशी त्यावरून उतरे. आणि आम्ही भरजरी पोशाखात पालखीमागच्या मंडळींसारखे चालत जाऊन पुन्हा आत बसत असू. असे नऊदा झाले. अक्षता आम्हांला बाहेरच्या बाहेर ऐकू आल्या. पंत मात्र स्थितप्रज्ञ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि प्रवासाच्या दिशेने पसारा ३.७ मीटर असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो, हे त्यांना मुखोद्गत आहे. दुसऱ्याच दिवशी फीत घेऊन त्यांनी ते नऊही मोजले, आणि उंची, रुंदी व आक्षेप असे तीन रकाने आखून संबंधित कार्यालयात दरखास्त दाखल केली. पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविल्याचा जबाब आला, एवढ्यावरच ते कृतार्थ आहेत.

कायद्याचीही त्यांनी उपेक्षा केलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मज्जाव करते. पंतांनी दाखला भिंगाखाली वाचला आणि त्यात ब्रेकचा रकानाच नसल्याची खातरी करून घेतली. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर फेरनोंदणीच्या वेळी निरीक्षकसाहेबांनी स्वतः ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून निघून समोरच्या काचेवर गेला. शेरा पडला, "ब्रेक ठीक."

इतके दिवस पंतांविषयी मी जे हसून बोलत आलो, त्याला गेल्या दासनवमीच्या सुमारास वरंध घाटात खीळ बसली. शिवथरघळीला जाण्याचा बेत ठरला होता. गाडी माझी, कारण पंतांची त्या आठवड्यात नाना पेठेत उलगडून ठेवलेली होती. भोर मागे टाकून, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आम्ही घाटमाथ्यावर आलो आणि महाडच्या अंगाने उतरू लागलो. मी गप्पांच्या नादात, चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. शेजारी पंत मौन धरून होते. दुसऱ्याच्या गाडीत दोष काढू नये, ही सभ्यता त्यांच्यापाशी आहे. काही वळणांनंतर जळका वास आला. पुढच्या वळणाशी मी ब्रेक दाबला, तो लोण्यात काठी रुतावी तसा पाय थेट तळाला गेला, आणि गाडीने त्याची दखल घेतली नाही.

"पेडल भराभर मारा," पंत म्हणाले. आवाज इतका शांत होता की, ते पानाला चुना लावायला सांगत आहेत असे वाटावे. "तिसरा टाका. आता दुसरा. हँडब्रेक हळूहळू ओढा, हिसका नको. डोंगराच्या बाजूने राहा." गाडी गुरगुरत, रेंगाळत, एका कातळाशी रुंद जागा होती तेथे उभी राहिली. मागून वहिनींनी विचारले, "पोचलो का?"

पंत उतरले, पुढच्या चाकाशी वाकले, डोळे मिटून त्यांनी तो वास घेतला, आणि त्यांच्या मुद्रेवर दर्शन झालेल्या वारकऱ्याचे समाधान उमटले. "तेल उकळले," ते म्हणाले. मग त्या कातळाच्या सावलीत, तिखटमिठाच्या पुऱ्या खात, त्यांनी मला समजावून दिले की, ब्रेकचे तेल हवेतला दमटपणा शोषून घेते. साधे डॉट ३ तेल नवे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरले की १४० अंशांच्या आसपासच हाय खाते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग आपल्या पायाचा सगळा जोर चाक आवळण्याऐवजी ते बुडबुडे चेपण्यात खर्ची पडतो. "तुम्ही तेल शेवटचे कधी बदललेत?"

"कुठले तेल?" मी विचारले.

पंतांनी माझ्याकडे पाहिले. अफरातफर उघडकीस आल्यावर कोषपालाकडे ते याच नजरेने पाहत असतील. अर्ध्या तासाने चाके निवली, पेडल पुन्हा वर आले, आणि उरलेला घाट गाडी पंतांनी चालविली: कधी पहिला, कधी दुसरा गिअर, आणि ९१,४०० रुपये ब्रेक आणि सस्पेन्शनवर उधळणाऱ्या त्या माणसाचा पाय साऱ्या उतारात ब्रेकला मोजून चार वेळा लागला.

पुण्याला परतल्यावर पहिल्या रविवारी माझ्या गाडीचे तेल बदलले. निघालेले तेल उकळून ठेवलेल्या चहासारखे काळे होते. पेडलवर वहिनी बसल्या, चाकाशी पंत, आणि झारीने झाडांना पाणी घालायला मला त्या दिवशी फुरसत झाली नाही; बाटली मी धरली होती. वाचकांना विनंती इतकीच की, आपल्या गाडीच्या ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. खर्च फार येत नाही. चाकाशी बसायला माणूस मिळत नसेल तर पंत कोठेही यायला तयार आहेत. पेडलवर मात्र माणूस आपला आपण आणावा. वहिनी येणार नाहीत.